माय आणि पिवळी केबल

परवा साकोलीत समोरच्या दुकानदारानं शटरच्या खाचांत सिलिकॉनचा स्प्रे मारला. त्या वासासरशी मी आमच्या सिहोऱ्याच्या अंगणात जाऊन पोचले.

दादा सैन्यात होता. विमानातून उड्या मारायचा, पण घरी स्टोअरमध्ये काम आहे म्हणून सांगायचा. एका सुट्टीत तो उड्यांच्या स्पर्धेवरून परस्पर घरी आला, म्हणून त्याचं पॅराशूट सोबतच होतं. उन्हात खाटेवर बसून तो त्याच्या दोन लांब पिवळ्या केबल पुसत होता. माय शेजारी तांदूळ पाखडत होती.

"हे कायले पुसून राहिला?"

"मोठी छत्री गुंतली तं हे ओढा लागते, माय. मंग थे सुटून जाते अन् दुसरी उघडते."

"अन् हेच अडकलं तं?"

दादानं फडकं पुन्हा केबलवरून फिरवलं. "म्हणूनच पुसून राहिलो," तो हळूच म्हणाला.

मायला सगळं कळलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि त्याच्याकडून फडकं मागून घेतलं. त्यानं त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारून दिला. केबल तर आधीच स्वच्छ होत्या, फडक्याला काही लागत नव्हतं. तरी माय या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फिरवत राहिली. 'जाऊ नको' असं एकदाही म्हणाली नाही.

मला तेव्हा तिचा फार राग आला होता.

दादा सुखरूप निवृत्त झाला. मायला जाऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात माझी लेक नोकरीसाठी परदेशी निघालीय, आणि दोन दिवसांपासून मी तिची बॅग भरते, उपसते, पुन्हा भरते. मायजवळ बसून तिचे ते हात एकदा नुसते पाहावेसे वाटतात.