मावशीचा डबा आणि माझा उपास

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मावशीचे. आमचं गाव पिशोर. घरात मॅट्रिकच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. औरंगाबादला मिशनच्या बोर्डिंगात राहून मी बी.ए. झालो तो तिच्या डब्यावर. ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. सकाळी ड्युटीला जाताना डबा फाटकाला अडकवायची, संध्याकाळी रिकामा घेऊन जायची. ड्युटीपायी तिची रविवारची उपासना बरेचदा चुके. मी पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करणारा. मावशी प्रभूच्या मार्गात मागं पडली, असं मला मनापासून वाटायचं.

शेवटच्या वर्षी मी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ धरला. दुपारचं जेवण बंद, रात्रीही अर्धपोटी. उपास देवबापाखेरीज कोणाला कळू नये, अशी आमची शिकवण. म्हणून डब्यातलं अन्न मी बोर्डिंगच्या माळ्याला देई आणि डबा धुऊन अडकवी. काही दिवसांनी दोन भाकरींच्या तीन झाल्या. मला वाटलं, माळ्याचं नशीब.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडलो. मुलांनी तिच्याच दवाखान्यात नेलं. कधी जेवला होतास, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मावशीच म्हणाली की डबा रोज रिकामा येतो. मला खरं सांगावं लागलं. नर्सबाई मावशीला म्हणाल्या, "घ्या बाई. पोर वाळलेलं दिसलं, भूक वाढली असेल म्हणून तुम्ही स्वतःची भाकरी त्याच्या डब्यात घालत होतात. उपास तर तुम्हालाच घडला."

मावशी हसली नाही. माझ्या अंगावरची चादर नीट करत म्हणाली, "उपास वाईट नाय, लेकरा. मला जमत नाय, पेशंट उचलावे लागतात. तू कर. पर मला सांगून कर."

माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही. ईस्टरला चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीआधी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, कोणाचा अपराध केला असेल त्यानं आधी समेट करावा. मी प्रभुभोजन घ्यायला उठलो नाही, जागेवरच बसून राहिलो. मावशी त्या रविवारीही ड्युटीवर होती.

पुढं पैठणला नोकरी लागली. तिथून उपवासकाळाच्या तोंडावर हे पत्र टाकलं:

"ती. मावशीस सलाम. पत्र नर्सबाईंकडून वाचून घे. तुझ्या तोंडची भाकरी मी वाटली आणि वर तुझेच चुकलेले रविवार मोजले. मला माफ कर. बुधवारपासून उपास धरतोय, दुपारचाच. रात्री पोटभर जेवीन. ईस्टरला येतो. ड्युटी असली तर आधी वॉर्डात तुला भेटेन, मगच चर्चला जाईन."