तीस सप्टेंबरची मोजणी

मला आकड्यांचं वेड होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करायला नको. मूळची मी मुखेडची, शिकले नांदेडला, नोकरी आणि सासर लातूरकडं. बरीच वर्षं वर्गावर शिकवलं आणि मग मला तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात आणून बसवलं. काम काय, तर शाळाशाळांतून येणारी मुलांची माहिती गोळा करायची, तपासायची आणि साहेबांना सांगायचं की कुठं मास्तर कमी आहेत, कुठं खोली पाहिजे, कुठला वर्ग ठेवायचा, कुठला बंद करायचा. आकडे बघून ठरवायचं, कोणा पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर नाही. मला हे लई आवडलं होतं. खोटा पट दाखवणाऱ्या शाळा मी अशा पकडायची की मला फाटकात बघून हेडमास्तर लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं. माघारी मला ‘मोजणीवाली बाई’ म्हणायचे. म्हणेनात का! मला त्याचा माज होता.

त्या वर्षी वरून हुकूम आला. एकाच दिवशी सगळ्या शाळांत हजर मुलं प्रत्यक्ष मोजायची. पटावर नाव आहे म्हणून चालणार नाही, मूल समोर दिसलं पाहिजे. तारीख तीस सप्टेंबर. दरवर्षीचा पट त्याच तारखेचा धरतात, म्हणून मोजणीही त्याच दिवशी.

आता लातूरकडच्या माणसाला तीस सप्टेंबर काय हे सांगावं लागत नाही. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे भूकंपानं गावंच्या गावं गाडली, तो हा दिवस. मी तेव्हा नांदेडला वसतिगृहात होते. तिथंसुद्धा खाटा हलल्या होत्या. आमच्या कार्यालयात निम्म्या लोकांच्या घरचं कोणी ना कोणी त्यात गेलेलं. हुकूम सगळ्यांनी वाचला, सगळ्यांनी सही केली, पण एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ. मीही नाही. कोणत्या गावाला कोण मोजायला जाणार याचा तक्ता तर मीच तयार केला.

निलंग्याकडचं एक गाव मी मुद्दाम माझ्याकडं ठेवलं. भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. तिथं सातवीत एक पोर होती. आदल्या थंडीत मी तपासणीला गेले तेव्हा ती माझ्या खांद्यावरून तक्त्यात डोकावली आणि म्हणाली, “म्याडम, हातचा राहिला तुमचा.” खरंच राहिला होता. मी हसून हसून बेजार! दुपारी तिच्याच घरी भाकरी खाल्ली. तिच्या आईची दोन लेकरं भूकंपात गेलेली, ही नंतर झालेली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “गावात शाळा हाय तंवर शिकू द्या. गावाभाईर मी न्हाई धाडत. लेकरू डोळ्याम्होरून हललं की माजा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.” मामाच्या गावालासुद्धा ती पोरीला मुक्कामी ठेवत नसे. आता त्या शाळेत आठवीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. सातवी-आठवी मिळून पुरेशी मुलं मोजणीत दिसली तर तो राहणार होता. म्हणजे ही पोर पुढं शिकणार की नाही, ते सगळं त्या एका वर्गावर होतं. पटावर मुलं भरपूर होती. मला काळजी वाटली नाही.

आदल्या दिवशी हेडमास्तरांचा फोन आला. “बाई, उद्या? उद्या तर गावात चूलसुद्धा पेटत न्हाई. समदे जुन्या गावठाणात जातेत.”

“तारीख वरून आलीय सर. मी काय करू?”

“तुम्ही काय करू म्हणल्यावर आम्ही कुणाकडं जावं?” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पोचले तर गावात चिटपाखरू नव्हतं. हेडमास्तर मोटारसायकलवर जुन्या गावाला जाऊन चार पोरं आणत होते, परत जात होते. बायांनी पुढं सोडलीच नाहीत. माझी ती पोर आलीच नाही. शेवटी हेडमास्तरांनी हजेरीपट माझ्यापुढं ठेवला. “वर्षाची हजेरी बघा बाई. रोज येणारी लेकरं हायत ही. आज दुखवटा हाय गावाला. पटावरचा आकडा लिहा, कोण विचारायलंय?”

“समोर दिसतील तेवढीच लिहीन,” मी म्हणाले.

माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस, त्यानं हात जोडले. आणि मला काय वाटलं असेल? राग आला! मला, मोजणीवाल्या बाईला, हा खोटं लिहायला सांगतो? मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेवढीच भरली, आणि लिहून टाकलं.

अक्कल गहाण टाकली होती असं म्हणावं, तर तेही खरं नाही. मला वाटलं होतं, कार्यालयात जाऊन पुढं शेरा लिहू, गावाला दुखवटा होता म्हणून. कॉम्प्युटरवर आमचे एक भाई बसायचे, जुन्या लातूरचे, फार सज्जन माणूस. त्यांनी पडदाच माझ्याकडं वळवला. “आपा, तुम्हीच बघा. शेऱ्याला रकानाच नाही इथं.” मी साहेबांना पत्र दिलं. मग दुसरं दिलं. साहेब म्हणाले, “एका गावाला सूट दिली की उद्या प्रत्येक गाव दुखवटा काढून बसेल.”

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर लातूरपासून तासाभरावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची मोजणीची यादी तपासायला आली. अकरावी, सगळे हजर. त्या यादीत माझ्या मुलीचं नाव होतं. ती तिथं एकदाच गेली होती, प्रवेश घ्यायला. मोजणीच्या दिवशी ती लातुरात क्लासला होती, हे मला माहीत होतं, डबा मीच भरून दिला होता. तेव्हा लातुरात सगळ्यांचंच असं चालायचं. डॉक्टर व्हायचं तर क्लास पाहिजे, कॉलेज नावापुरतं. माझा पेन त्या नावावर थांबला. आणि मग मी खाली सही केली. आग लागो त्या सहीला. रोज शाळेत येणारी पोर गैरहजर आणि कधीच न जाणारी माझी लेक हजर, असं माझ्याच हातानं झालं, एकाच आठवड्यात.

जूनमध्ये आठवी बंद झाली. मुलांनी तालुक्याच्या शाळेत जावं, असा आदेश निघाला. मुलगे गेले.

त्याच पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं आणि मी पुन्हा त्या घरापुढं उभी राहिले. पोर भांडी घासत होती. हात पुसून माझ्याजवळ येऊन बसली, जरा उंच झाली होती. शाळा का सोडली, या प्रश्नापुढं कारणांची यादी होती. घरकाम, स्थलांतर, भावंडं सांभाळणं, शिक्षणाची आवड नाही, असं बरंच. वर्ग बंद केला, हे कारण त्यात नव्हतं. मी यादी पुन्हा वरपासून वाचली.

“आवड न्हाई, ते लिवा म्याडम,” ती म्हणाली. “दुसरं लिवलं तर तुमाला पुन्यांदा फेरी पडंल. खाली बारीक लिवलंय तसं.”

मी तेच लिहिलं. लाज कशी असते ते मला तोवर माहीत नव्हतं, इतकंच सांगते.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, “म्याडम, औंदा त्या दिशी आमी जुन्या गावाला जात न्हाई. समद्या बायांनी ठरीवलंय. पोरीस्नी सकाळीच आंगुळ घालून शाळंत बशिवतो. माजी दोन हायत मातीखाली, ती कुटं पळून चाललीत? त्येंच्यासाटी दुसऱ्या दिशी रडता येतंय.” माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, “मग मोजसाल नव्हं हिला?”

एकदा बंद केलेला वर्ग परत उघडत नाही. त्या आदेशाच्या प्रती गावोगाव मीच पाठवल्या होत्या.

“हो,” मी म्हणाले, “मोजू की.”

ती तशीच वळून पोरीला म्हणाली, “ए, म्याडम हो म्हनल्या. माळ्यावरचं दप्तर काढ खाली.”