अंगठ्यांवर मागवलेलं मेपल सिरप

आमचे साहेब कॅनडाची ट्रिप करून आले आणि त्यांच्या डोक्यात मेपलचं झाड उगवलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गोदामातून पोहे, पापड, लोणची सुखाने खपत होती. पण नाही! मीटिंग झाली. "चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली सिरप. सीझन जेमतेम काही आठवडे. माल कमी, म्हणजे भाव चढणारच!"

"पण साहेब, घेणार कोण?" मी विचारलं.

"निगेटिव्ह बोलू नकोस."

मग मार्केट सर्व्हे. म्हणजे मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकला : 'पंचेचाळीस दिरहॅम. कोणाला हवंय?' अंगठेच अंगठे आले. आता आमच्या ग्रुपवर अंगठा कशालाही येतो. कुणाचं पोर पास झालं, अंगठा. कुणाची लिफ्ट बंद पडली, अंगठा. वाचलं, आता गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. हे मी साहेबांना कानीकपाळी ओरडून सांगितलं. त्यांनी अंगठे मोजले आणि गोदामाची एक भिंत झाकेल एवढा माल मागवला.

माल आल्यावर मी एकेकाला फोन लावले. "अहो, पंचेचाळीस दिरहॅम म्हणजे हजार रुपयांच्या वर गेले की! आमची गावाहून काकवी येते." घरी लेकीने घावनावर ओतून चाखलं आणि म्हणाली, "बाबा, काकवी इज बेटर." बोंबला!

साहेब माझ्यावरच उखडले. "अंगठ्याला काय अर्थ असतो? एवढं कळत नाही? ग्रुप तुझा, लोक तुझे. माल खपला नाही तर तुझा व्हिसा रिन्यू करणं कठीण आहे." पुढच्याच महिन्यात व्हिसा संपत होता. त्यावरच बायकोचा, लेकीचा व्हिसा, तिची शाळा, अल बर्शातलं घर. असा संताप आला म्हणून सांगू! पण गिळला.

शेवटी बायकोनेच डोकं चालवलं. संक्रांत तोंडावर होती. मंडळातल्या बायकांना तिने अर्ध्या किमतीत हळदीकुंकवाचं वाण म्हणून सिरप गळ्यात मारलं. स्वतः खायला महाग वाटणारी बाटली दुसरीला द्यायला मात्र झकास वाटली. भिंत रिकामी झाली. मी हर्षाने साहेबांना मेसेज टाकला : 'माल खलास! व्हिसा रिन्यू होतोय ना, साहेब?'

दोन निळ्या खुणा दिसल्या.

मग अंगठा आला.