दादाचे बारा शब्द

माझा मोठा भाऊ तामसीच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचा. रोज आदिलाबादहून बसने जायचा, बसनेच परत यायचा आणि चहा झाला की पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. आमच्या घराण्यातला शिक्षक झालेला तो पहिला माणूस. त्याच्या मागोमाग मी शिकले आणि कापूस बाजाराच्या कचेरीत कारकून झाले. त्याच्याच घरात वरच्या खोलीत मी राहते.

लॅपटॉपवर तो काय करतो हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका शहराने नियम केला होता, की नगरपालिकेचं जुनं दप्तर सगळ्या जगासाठी खुलं करायचं. हाताने लिहिलेली रस्त्यांची, विहिरींची, झाडांची वर्णनं त्यांनी फोटो काढून वेबसाइटवर टाकली होती. कुणीही बघावीत, वाचून टाइप करून द्यावीत. दुसरा नियम असा, की परदेशातल्या माणसाला त्याचा मोबदला क्रिप्टोत मिळेल, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नाण्यांत. दादाला जुनं वळणदार इंग्रजी अक्षर वाचायची फार हौस. जेवताना तो त्या शहरातल्या गल्ल्यांबद्दल असा बोलायचा, जसा काही कालच तिथून पाहुणचार घेऊन आला.

वहिनी विचारायची, "पन मिळालं ते ठेवलं कुठं?"

दादा हसून कपाळावर बोट ठेवायचा. त्या नाण्यांना कुलूप असतं, आणि त्याची किल्ली म्हणजे बारा साधे इंग्रजी शब्द, एका ठरलेल्या क्रमाने. मी एकदा म्हटलं होतं, "कुठं तरी लिहून ठेव ना."

"कागद कोनाच्याबी हाती लागते," तो म्हणाला. "डोक्यातलं कोन नेते?"

ज्या मोबाईलमध्ये ते खातं उघडायचं तो मोबाईल जुना झाला म्हणून त्याने देऊन टाकला. नव्यात शब्द भरायचे राहून गेले. घाई कुणालाच नव्हती.

मग एका सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तो कोसळला. शाळेतल्या शिक्षकांनी गाडी करून आदिलाबादला आणलं, तिथून आम्ही नागपूरला नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर समजावून सांगत होते, की शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. रोज सराव घ्या, वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे वर्षभर आणा. नागपूरला राहून वर्षभर उपचार घेणं आम्हाला कसं जमणार होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तेव्हा वहिनीला त्या नाण्यांची आठवण झाली.

दादाची मुलगी, माझी भाची, हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करते. ती सुट्टी घेऊन आली. तिने आम्हाला स्क्रीनवर दादाचं खातं दाखवलं. ते सगळ्या जगाला दिसतं. कोणत्या दिवशी त्या शहराकडून काय आलं, आता किती आहे, सगळं उघडं. कुलूप मात्र दादाशिवाय कुणालाच उघडता येणार नव्हतं.

"मंग दरखास्त कोनाकडं द्यायची?" वहिनीने विचारलं.

"कोणाकडेच नाही, आई. ही बँक नाही. मॅनेजर नाही, शाखा नाही."

"कलेक्टर ऑफिसात?"

भाचीने नाही म्हणून मान हलवली.

मी त्या शहराला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर लवकर आलं, आणि आलं ते फार सभ्य होतं. तुमच्या भावाचं काम आम्हाला आवडत होतं, ते लवकर बरे होवोत. नियमाप्रमाणे पैसे दिलेले आहेत, पुढचं आमच्या हातात नाही. मी ते वहिनीला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मानसं चांगले हायेत," आणि भाकरी थापायला गेली.

हे बारा शब्द ज्या ठरावीक शब्दांतून निवडलेले असतात, ते सगळे भाचीने छापून आणले. मी कचेरीतून आले की दादासमोर बसायची आणि एकेका शब्दावर बोट ठेवायची. काही शब्दांना तो मान डोलवायचा. आम्ही त्या शब्दांखाली रेघ मारायचो. दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांना तो मख्ख बघत राहायचा आणि भलत्याच शब्दांना मान डोलवायचा. तरी आम्ही सोडलं नाही. आल्यागेल्यानेही विचारायला सुरुवात केली, "सर, आठवलं का काही?" त्याची तब्येत कुणी विचारेनासं झालं.

एका रविवारी दुपारी तो स्पष्ट म्हणाला, "विंडो."

आजारपणानंतरचा त्याचा पहिला पुरा शब्द. भाचीने पानं चाळली. विंडो त्यात होता. मी लिहून घेतलं. "पुढचा, दादा? विंडोच्या पुढचा?"

"विंडो," तो पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. त्याचा आवाज चढत गेला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आम्हाला वाटलं, आठवून राहिलाय, म्हणून रडतोय. भाची त्याचा हात धरून म्हणत होती, "हो बाबा, विंडो, मग काय?"

वहिनी हात पुसत आतून आली. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, सरळ खिडकीशी गेली आणि पडदा ओढला. पश्चिमेचं ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. दादा गप्प झाला.

"ऊन लागून राह्यलं म्हनून सांगून राह्यले ते," वहिनी म्हणाली. "तुमी लिहून काय राह्यल्या, बाई?"

वहिनीने छापलेली पानं गोळा केली. "आता हे बंद. त्यायले पानी पाहिजे का, उशी पाहिजे का, ते इचारा." भाची रात्रभर रडली आणि सुट्टी संपल्यावर हैदराबादला गेली.

नागपूर झालं नाही. घरीच जमेल तसा सराव चालतो. पाणी, चहा, वहिनीचं नाव, एवढं त्याला येतं. कधी मध्येच तेलुगू शब्द येतो. खात्यातली नाणी तशीच आहेत, भाचीने मागच्या महिन्यात बघितलं.

परवा दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी लसूण सोलत होते. दादा डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवत शांतपणे बोलायला लागला. "रिव्हर. अंकल. पेन्सिल." एकापाठोपाठ एक, शाळेत पाठांतर घेताना म्हणायचा तसं. सहा-सात शब्द झाले आणि थांबला. अंगठा पेरावर तसाच.

"पुढं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं पुढचं मलाच येत असेल. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शब्द वेगळे होते. तिसऱ्या वेळी आणखी वेगळे. लसणाची टोपली मांडीवर घेऊन मी त्याच्या प्रत्येक शब्दाला "हो दादा, बरोबर" म्हणत राहिले.