वलांडीला रकाना नाही

वादळानंतर पंधरवड्यानं थळला आम्ही मदतीचे अर्ज भरून घेत होतो. एक कोळीण आमच्याच मंडपाच्या दोरीवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी टांगायची.

"मावशी, इथं नको हो!" मी वैतागलो.

"मग कुठं? माझी वलांडी वादळानं नेली. लिव तुझ्या कागदावर."

कागदावर होडी होती, जाळी होती. बोंबील सुकवायच्या बांबूंना रकानाच नव्हता. म्हटलं, "नवऱ्याला पाठवा."

"त्याला काय ठावं? त्यानं कधी वलांडीला हात लावलेला न्हाय."

सकाळी त्याच मंडपात महिलांच्या हक्कांवर बोलून मी टाळ्या घेतल्या होत्या. हा अर्ज कुठल्या गाढवानं तयार केला, असं ओरडायचीही सोय नव्हती. तो मीच केला होता.