जोमा तांडेल आणि आमची स्मारक समिती

पनवेलच्या आमच्या स्मारक समितीच्या मिटिंगमध्ये ठराव होवो न होवो, एक किस्सा हमखास होतो. मी चिटणीस. ठराव रजिस्टरमध्ये लिहितो. किस्से डोक्यात साठत गेले, आणि आता डोकं फिरायची वेळ आलीय!

स्मारक जोमा तांडेलचं. हा करंजा गावचा होडीवाला. इंग्रजांविरुद्धची पत्रकं आणि पिस्तुलं सुक्या बोंबलांच्या ढिगाखाली लपवून खाडीतून पोचवायचा. वासामुळे पोलीस हात घालत नसत! शेवटी कुणीतरी खबर दिली. जोमा पकडला गेला आणि तुरुंगातच वारला. त्याची मुलगी चांगूआजी आता नव्वदीला टेकलीय. तिचं मागणं एकच: "बापाचा दगड धक्क्यावर लागलेला मना डोल्यांनी बगायचाय."

*

पहिल्याच वर्षी फ्लेक्स लागला. मधोमध आमचे अध्यक्ष बंडूशेठ, बिल्डर, गॉगल लावून. भोवती शुभेच्छुकांची गर्दी.

मी विचारलं, "शेठ, जोमाचं नाव कुठाय?"

"जागाच नाय उरली, सर. आपलाच मानूस हाय तो, समजून घेल!"

*

धक्क्यावरच्या जागेसाठी सरकारी ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "तुरुंगातून सुटल्याचा दाखला जोडा."

"साहेब, ते सुटलेच नाहीत. आत वारले."

"मग फॉर्म इन्कम्प्लीट आहे."

मी फाइल टेबलावर आपटली. साहेबांनी शांतपणे ती उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. तिथे ती दोन वर्षं होती.

*

परवानगी आली तेव्हा बंडूशेठना पुतळा हवा होता. घोड्यावर, हातात तलवार!

"अहो, तो तांडेल होता. घोडा कुठून आणायचा?"

"सर, होडीत बसलेला मानूस पब्लिकला हीरो वाटत नाय!"

तीन मिटिंगा मी घोड्याशी भांडलो. शेवटी साध्या दगडावर चेहरा कोरायचं ठरलं.

*

पण चेहरा आणायचा कुठून? वर्षानुवर्षं लपून फिरणारा माणूस फोटो काढायला बसेल कशाला? तर बंडूशेठनी घरच्या जुन्या पेटीतून एक फोटो आणला. फेटा, मिशी, उजव्या कानाचा तुकडा उडालेला.

"आमच्या पेटीत हाय म्हंजे जोमाच असनार. आजोबांची न त्याची लय दोस्ती!"

आजीला दाखवून घेऊ, असं मी म्हटलं. "सरप्राइज देऊ," शेठ म्हणाले. मी गप्प बसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

अनावरणाला चांगूआजी नवं लुगडं नेसून आली. पडदा सरकला. बंडूशेठ माईकवर गरजले, "कानाकडं बगा! इंग्रजांच्या गोलीची खून!"

आजीच्या हातात हार दिला होता. ती दगडाजवळ गेली. तिने त्या कानावरून बोट फिरवलं आणि वळली.

"गोली नाय रे बाला. माज्या आयेनं कोयता मारलाता. यो फौजदाराला घेऊन आमच्या दारान आलता तवा."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

बंडूशेठनी झटकन माईक तोंडाशी ओढला. "आजी भावुक झाल्यात! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. आजीने हार माझ्या हातात दिला आणि एकटीच धक्क्याच्या टोकाला, होड्यांकडे चालू लागली.