उकळलेला बर्फ

"पानी मरू द्या जी, मंग पिजा."

नवेगाव बांधाच्या डाकबंगल्यावर कोणी पाणी मागितलं की आमचा चौकीदार आधी हे म्हणायचा. मग गडव्याला हाताची पालथी बाजू लावून पाहायचा. गडवा गरम असला तर तो पुन्हा निवायला खाली ठेवायचा आणि तुम्ही तहानेने तडफडलात तरी ढिम्म हलायचा नाही. पाण्यातली कीड मेली म्हणजे पाणी मेलं, अशी त्याची समजूत होती. नुसत्या वाफेवर त्याचं समाधान नसे, पाणी चुलीवर गडगडून उकळलं पाहिजे.

मी तेव्हा जंगलखात्याच्या कचेरीत कारकून होतो. कचेरी बंगल्याला लागूनच असल्याने दुपारचं पाणी त्याच्याच हातचं. एकदा उन्हातून आलो आणि भडकलोच.

"अहो, समोर एवढा तलाव पसरलाय आणि मला चुलीपाशी बसवून ठेवता?"

"तलाव दिसाले चांगला हाय जी," तो म्हणाला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

त्याची बायको आणि दोन्ही लेकरं पटकीत गेली होती. साथ ओसरल्यावर एक फिरता डॉक्टर गावात पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेला. गावाने ते ऐकलं आणि विसरलं. हा मात्र त्या सांगण्याला धरून बसला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आपला गडवा घेऊन जायचा. यजमान फुगून बसायचे, पण त्याला त्याचं काही नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्या घरी कोण कोण होतं हे विचारायचं राहून जातं.

एका उन्हाळी सुटीत नागपूरचे एक वकील बायको आणि लहान मुलीला घेऊन बंगल्यावर राहायला आले. उकळलेलं पाणी त्यांना हवंच होतं, त्यामुळे चौकीदाराशी त्यांचं छान जमलं. मग गोंदियाहून त्यांच्यासाठी बर्फ आला. आधी छोट्या रेल्वेगाडीने, पुढे बैलगाडीने, तरटात बांधून धानाच्या कोंड्यात पुरलेला. तो कुठल्या पाण्याचा केला होता, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

चौकीदाराने बर्फ पहिल्यांदाच पाहिला होता. हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हे तं भाजते जी!"

त्याने बोट पुन्हा बर्फाला लावून पाहिलं. मग म्हणाला, "आगीनं कीड मरते, तं इतक्या थंडीनं काऊन नाई मरनार?"

मला ते पटलं. वकीलसाहेबांनाही पटलं. कोंडा धुवायला त्याने उकळून निवलेलंच पाणी घेतलं, तिथे त्याची शिस्त सुटली नाही. मग ओसरीवर बसून त्याने बर्फाचे तुकडे फोडले आणि मुलीला तळहातावर ठेवून एकेक देत राहिला. ती चोखायची, हात नाचवायची, पुन्हा मागायची. तो हसत होता. मी त्याला तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. वकीलसाहेबांनी बैलगाडी जुंपायला लावली. चौकीदार उकळलेल्या पाण्याचा गडवा घेऊन गाडीमागे बरंच अंतर पळत गेला.

गाडीवान परत आला तो खाली मान घालूनच. "ठेसनावरच गेली जी पोट्टी."

चौकीदाराला कोणीही दोष दिला नाही. ऊन लागलं, असंच सगळे म्हणाले. पुढे दवाखान्याचा कंपाउंडर कचेरीत आला तेव्हा विषय निघाला. तो गोंदियाचा, सहज बोलून गेला, "ठंड से कीड़े मरते नहीं, सो जाते हैं."

चौकीदार दारात उभा होता. तो तसाच चुलीकडे गेला. बर्फानेच झालं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या मनात मात्र शंका उरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक बडे साहेब पाहुण्यांसह उतरले. त्यांच्यासाठीही बर्फ आला. संध्याकाळी व्हरांड्यात ग्लास मांडले गेले आणि आमचा चौकीदार वाफाळती किटली घेऊन आला.

"बर्फ कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"हा काय जी. चांगला उकळला."

आधी सगळे हसले. मलाही हसू आवरेना. मग साहेबांना कळलं की हा चेष्टा करत नाही, आणि ते संतापले. सकाळी त्याची नोकरी गेली. मी त्याच्यासाठी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. निघताना तो मला एवढंच म्हणाला, "मंग का कच्चाच देऊ, बाबूजी? लेकरं राहते कोनाकोनाची."

त्यानंतर तो गावाच्या टोकाला एका झोपडीत राहिला. तिथेच त्याला तापाने गाठलं. कंपाउंडर म्हणाला, डोक्यावर बर्फ ठेवा. बंगल्यावर पाहुणे होते, म्हणून नव्या चौकीदाराकडून एक तुकडा मिळाला. मी तो फडक्यात गुंडाळून त्याच्या कपाळावर धरला. सकाळपासून तो पाणी पाणी करत होता. बर्फाचा एक ओघळ गालावरून ओठांपाशी आला, तसे त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"उकळलं का जी?" मी त्याचे ओठ पुसल्यावर त्याने विचारलं.

मी तो तुकडा तसाच भांड्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि त्याची चूल पेटवली. त्याने मान वळवून जाळाकडे पाहिलं. पाणी गडगडलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. मी ते गडव्यात ओतून निवत ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन बसलो.

बऱ्याच वेळाने मी गडव्याला हाताची पालथी बाजू लावून पाहिली. पाणी अजून गरम होतं आणि ते पिणारा केव्हाच गेला होता.